लुधियानाहून न आलेला पार्ट

इंदू,

काल सकाळी साडेदहाच्या सुमाराला मला कळलं की तू खोटारडी आहेस. तुझं तेरावं होऊन चार दिवस झालेत, त्यामुळे तुला खांद्याला धरून गदागदा हलवायची सोय उरलेली नाही. माणूस जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझंही सामान बांधूनच ठेवलंय. पण भांडायला इतकं उत्तम कारण मागे ठेवायचं आणि ते समोरच्याला कळायच्या आत खुर्चीत बसल्या बसल्या निघून जायचं, ही कुठली रीत? आता मी भांडू कुणाशी? भिंतीवरच्या फोटोशी? तो तुझ्या लेकाने, मिलिंदने निवडलाय, आणि त्यात तू इतकी सोज्वळ दिसतेस की मला क्षणभर वाटलं, चुकीच्या घरात आले.

आधी माझा गुन्हा सांगते, म्हणजे पुढे मला मोकळेपणाने ओरडता येईल.

मी सात महिने तुझ्याशी खोटं बोलले. "जशुभाई म्हणतात, पार्ट लुधियानाहून यायचाय," हे वाक्य मी तुला दर आठवड्याला ऐकवलं. पार्ट कुठला, तर मागच्या चाकाशी साखळी सरकवून गिअर बदलतो तो. तो कधी मोडलाच नव्हता. तुझी सायकल आमच्या गल्लीच्या, घडियाळी पोळेच्या तोंडाशी, जशुभाईंच्या दुकानात धडधाकट उभी होती. तू ऐकायचीस, हिंचक्यावर झोके घेत उसासा टाकायचीस, आणि मी घरी जाऊन देवापुढे कान पकडायचे.

आता तुझा गुन्हा. तुला पहिल्याच महिन्यात सगळं कळलं होतं. आणि दर मंगळवारी, मी गणपतीच्या देवळात बायकांबरोबर अथर्वशीर्षाची आवर्तनं करत असताना, तू दुकानात येऊन तीच सायकल काढत होतीस आणि सिंधरोटच्या कोतरांत, नदीकाठच्या त्या घळींत, जात होतीस. माझ्या घराच्या खिडकीखालून! अख्ख्या पोळेला माहीत होतं. पानवाल्याला, समोरच्या शांताबेनना, दूधवाल्याला. माहीत नव्हतं ते फक्त मला, जी तुझ्यावर लक्ष ठेवायला नेमली होती.

तशी मी हुशारीत कधीच पुढे नव्हते. गोरव्यातल्या पंपांच्या कारखान्यात तू टेस्टिंगला आणि मी डिस्पॅचला, तेव्हाची मी आठवते तुला? आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. तिथे ते नेमकं काय करत होते हे घरात कुणालाच सांगता येत नसे, पण त्या जोरावर मी कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायचे. तू बाजव्याच्या रेल्वे क्वार्टरमधून यायचीस. पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन सरळ माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "बाई, तुमच्या गावात एकही चढ नाही हो. माणसाला दम लागायचा कुठे?"

तू वाईकडची. मला तो बडोद्याचा अपमान वाटला. मी ताठ होऊन म्हटलं, "पावागड आहे की."

"तो पन्नास किलोमीटर लांब आहे. तो तुमचा नाही, शेजाऱ्यांचा."

त्या दिवसापासून मी तुझ्याशी वाद घालतेय. एकही जिंकले नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

पुढे नव्वदीत कारखान्याला नवे मालक आले, नवी यंत्रं आली आणि आपल्याला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. आपली इच्छा काय, हे तेवढं कुणी विचारलं नाही. मी अठ्ठेचाळीसची, तू एकोणपन्नासची. तुझे यजमान आधीच गेलेले, मिलिंद पुण्याला इंजिनिअरिंगला. लोक अशा रिकामपणी टीव्हीसमोर बसतात. केबल नुकतीच आली होती आणि मी दुपारी तीन-तीन मालिका पाहून दुसऱ्यांच्या सुनांची काळजी करत होते. तू मात्र मिलिंदने हट्टाने घेतलेली आणि मागे ठेवून गेलेली ती अठरा गिअरची सायकल अंगणात काढलीस, तिची सीट खाली केलीस आणि एका सकाळी आमच्या दारात येऊन घंटी वाजवलीस.

मी खिडकीतून पाहिलं. सलवारीच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे. डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट. पोळेतली सगळी मुलं तुझ्याभोवती गोळा झालेली आणि "एन्जिनियर आव्या, एन्जिनियर आव्या" करून नाचत होती.

"अगं, हे काय सोंग?"

"सोंग नाही. माउंटन बायकिंग. मिलिंदच्या मासिकात आहे."

"आणि माउंटन?"

"ते शोधायचंय. तू येतेस का?"

मी काय म्हणाले ठाऊक आहे ना? मी म्हणाले, "उद्यापासून पोळेच्या बाहेर थांबत जा. लोक बघतात." हे मी म्हणाले! जिच्या नवऱ्याने त्याच वर्षी टक्कल लपवायला विग आणला होता आणि तो घालून साऱ्या गावभर हिंडत होता, तिने! आज मला ती अठ्ठेचाळीस वर्षांची सुधा भेटली ना, तर तिची वेणी धरून तिला तुझ्या कॅरिअरवर बसवीन. आता मी बासष्टची आहे, दात गेलेत, नातवंडं मला 'दादागिरी आजी' म्हणतात, आणि लोक बघतात तेव्हा मला बरं वाटतं. पण हे शहाणपण यायला फार उशीर झाला.

मग आपण चढ शोधले. आधी रेल्वेचा ओव्हरब्रिज. तू सकाळी सहाला त्याच्यावर चढायचीस, उतरायचीस, पुन्हा चढायचीस, आणि चढताना मोठ्याने अडीचकी म्हणायचीस. "अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात..." म्हणे पायाला ताल मिळतो. कामावर निघालेले लोक थांबून बघायचे. एका ट्रकवाल्याने तर ब्रेक मारून विचारलं, "बेन, परीक्षा छे?" तू मान न वळवता ओरडलीस, "हा, रोज छे!" मी माझ्या बिनगिअरच्या लेडीज सायकलवर, पुढच्या टोपलीत छत्री ठेवून, पुलाखाली थांबायचे. कुणी ओळखीचं दिसलं की चेन पडल्यासारखं करायचे.

आणि मग तुला कोतरं सापडली. मही नदीच्या काठी पाण्याने माती कापून केलेल्या त्या खोल घळी. वर सपाट शेत, आणि पुढचं पाऊल टाकावं तर जमीन एकदम चाळीस फूट खाली. तू काठावर उभी राहिलीस आणि तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, तुला माहेरचं कुणीतरी भेटलं.

"सुधे, बघ. डोंगर होता. नुसता खाली गेला होता."

"इंदू, हा डोंगर नाही, हा खड्डा आहे."

"एकच गं ते."

"एकच कसं? डोंगरावर आधी चढतात."

"डोंगरात आधी कष्ट, मग मजा. इथे आधी मजा, मग कष्ट. म्हणजे संसारच की."

एवढं बोलून तू गेलीस. म्हणजे अक्षरशः गेलीस. पिवळं हेल्मेट गवतात दिसलं, मग दिसेनासं झालं, मग खालून आवाज आला, "अगं आई गं," आणि त्यानंतर हसू. हा डोंगर की खड्डा हा वाद आपण चौदा वर्षं चालवला. तू म्हणायचीस, सायकलला विचार. मी म्हणायचे, भूगोलाच्या मास्तरांना विचार. शेवटपर्यंत निकाल लागला नाही. खरं सांगू? तो खड्डाच आहे, इंदू. माफ कर, पण आहे.

माझं काम वर बसण्याचं. डबा सांभाळायचा, पाण्याची बाटली सांभाळायची आणि म्हशी कोतरात उतरायला लागल्या की हाका मारून तुला सांगायचं. मी एकदाच, फक्त एकदा, सायकल घेऊन खाली गेले. म्हणजे सायकल गेली. मी दहा पावलांनंतर उतरून, पदर खोचून, बसून घसरत घसरत खाली आले आणि नंतर महिला मंडळात सांगितलं, "आम्ही दोघी माउंटन बायकिंग करतो." तू शेजारीच बसली होतीस. माझ्या साडीला मागे लागलेली माती पदराने झटकलीस, सगळ्यांच्या देखत.

त्याच मंडळाच्या बायकांना तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलंस आणि वाण म्हणून पंक्चर काढायचं सामान लुटलंस. बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे देत होत्या, चहाच्या गाळण्या देत होत्या. तू प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवलास, कपाळाला कुंकू लावलंस आणि हातात रबराचे दोन तुकडे, घासायचा कागद आणि सोल्यूशनची नळी. देशपांडेबाई नळी वास घेऊन बघत म्हणाल्या, "इंदुताई, हे केसांना लावायचं का हो?" तू गंभीरपणे म्हणालीस, "लावा, पण मग टोपी निघणार नाही." मी त्या दिवशी लाजेने अर्धमेली झाले. आणि घरी येऊन ते वाण कपाटात, चांदीच्या वाटीशेजारी ठेवलं.

तुला आठवत असेल, त्याच्या दोनच दिवस आधी उत्तरायणाला तू गळ्याभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरत होतीस. पतंगाच्या मांज्याने गळा कापू नये म्हणून. पोळेत एकीने विचारलं, "बेन, गळाने शुं थयुं?" तू म्हणालीस, "पंक्चर." म्हणजे तू काळजी घेत होतीस. हे मला मिलिंदला सांगायचं आहे. तू वेडी होतीस, पण बेफिकीर नव्हतीस.

कारण सगळं अडलं ते मिलिंदपाशीच.

गेल्या आषाढात डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची एक झडप थकल्याचं सांगितलं. जिना चढा, भाजी आणा, पण दमछाक नको. तू दवाखान्यातून बाहेर येऊन मला विचारलंस, "कोतर दमछाकीत येतं का?" मी म्हटलं, येतं. तू म्हणालीस, "डॉक्टरांनी कोतर हा शब्द उच्चारला नाही." संध्याकाळी पुण्याहून मिलिंदचा फोन.

"मावशी, तुम्ही तिला समजवा."

"मी? तिला?"

"मग काहीतरी करा. ती माझं ऐकत नाही. मला ऑफिसमध्ये सुचत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. मावशी, प्लीज."

इंदू, तो रडत होता. चौतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप. मग मी काय करणार? सायकलला सर्व्हिसिंग हवंय म्हणून मी ती जशुभाईंकडे नेली आणि त्यांना सांगितलं, इंदूबेनना सांगायचं, पार्ट लुधियानाहून यायचाय. आणि खरं काय ते तिला सांगायचं नाही. जशुभाईंनी मान डोलावली. त्या माणसाची मान किती दिशांना डोलते हे मला काल कळलं.

ते सात महिने तू मला काय छळलंस! "लुधियानाला पाऊस असेल नाही गं?" "लुधियानाहून इथे यायला गाडी किती दिवस घेते?" एकदा तर तू मला बसवून त्या पार्टवाल्यांना पत्र लिहायला लावलंस. तू सांगत होतीस, मी लिहीत होते: 'महोदय, मी त्रेसष्ट वर्षांची वृद्धा असून माझा गिअर आपल्याकडे अडकला आहे.' मी ते पोस्टात टाकते म्हणून घेऊन आले आणि चुलीत घालायला आता चूलही नाही म्हणून शेवटी फाडून फ्लश केलं. त्या पापाबद्दल मी दर गुरुवारी तुझ्यासाठी अळूवड्या आणत होते. तू डोळे मिटून खायचीस आणि म्हणायचीस, "आता एवढंच सुख राहिलंय." बयो! नाटक कंपनीत का नाही गेलीस?

मंगळवारी मंडळात यायचं तू बंद केलंस. कारण दिलंस, "त्या बायका बेसूर म्हणतात, देवालाही कळत असेल." मला वाटलं, सायकल गेल्यापासून हिचा जीव रमत नाही. मी तुझ्यासाठी नवस बोलले होते. नवस! मी तिकडे डोळे मिटून 'इंदूचं मन शांत ठेव रे बाबा' म्हणत होते तेव्हा तू बहुधा तिसऱ्या गिअरमध्ये होतीस.

आणि मग माघातल्या त्या गुरुवारी सकाळी तू चहा घेतलास, पेपर उघडलास आणि गेलीस. पेपर मांडीवर तसाच. चष्मा नाकावर. अळूवड्या घेऊन मी आले तर दार उघडंच होतं. ते मी इथे लिहीत नाही.

मिलिंद आला. सगळं केलं त्याने, नीट, शहाण्यासारखं. पण तेराव्याची पंगत उठल्यावर तो तुझ्या घराच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, शेवटचे सात महिने मी तिची सायकल काढून घेतली. एवढी एकच गोष्ट होती तिची. मी तिला घरात बांधून ठेवलं, आणि तरी ती गेलीच." मी म्हटलं, तू तिच्या भल्यासाठी केलंस. तो म्हणाला, "तिने एकदाही तक्रार केली नाही. तेच सहन होत नाही." निघताना म्हणाला, "सायकल ट्रान्सपोर्टने पुण्याला पाठवाल? मला ती घरात हवी. डोळ्यासमोर." शिक्षा असावी तशी.

म्हणून मी काल जशुभाईंकडे गेले. सायकल बाहेर काढली तर मडगार्डच्या आतल्या बाजूला पिवळी माती, हातभर. मागचं टायर नवं.

"जशुभाई, हे काय?"

जशुभाई हातातला पाना पुसत बसले. मग म्हणाले, "सुधाबेन, तमे कह्युं के ईंदुबेनने ना केता. ईंदुबेने कह्युं के सुधाबेनने ना केता. तो हूं कोने कहूं?"

दोघींनीही मना केलं होतं, मग मी सांगू कुणाला! इतकं निर्मळ उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिथेच दुकानाच्या बाकड्यावर बसले. त्यांनी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. श्रावणात तू सहज डोकावलीस, सायकल पाहिलीस, गिअर फिरवून पाहिला आणि इतकी हसलीस की तुला पाणी द्यावं लागलं. मग दर मंगळवारी, नऊ वाजता. हळू जायचीस म्हणे, चढावर उतरून चालायचीस. तू चढावर उतरायचीस? मी उतरले म्हणून मला चौदा वर्षं हिणवणारी तू? त्यांनी एकदा विचारलं होतं तुला, की सुधाबेनना का नाही सांगत? तर तू म्हणालीस, "ती मला थांबवतेय असं तिला वाटतंय ना, म्हणून तिला झोप लागते. लागू दे."

मला झोप लागत नव्हती, मूर्ख बाई! तुझ्याशी खोटं बोलल्यामुळे मला झोप लागत नव्हती! एकदा विचारलं असतंस तर दोघींचंही भागलं असतं. मी डबा घेऊन वर बसले असते, मिलिंदला फोनवर सांगितलं असतं, "हो रे, घरीच आहे ती." मला खोटंच बोलायचं होतं तर ते तुझ्या बाजूने बोलायला काय हरकत होती? पण तुला माझी खात्री नव्हती. आणि ती असावी असं मी काही केलंही नव्हतं.

आता प्रश्न मिलिंदचा. तू जशुभाईंना सांगितलंस, सुधाला सांगू नका. मिलिंदबद्दल तू काहीच सांगितलं नाहीस. ते माझ्या गळ्यात टाकून गेलीस. सांगावं, तर तो म्हणणार, सायकलनेच गेली. मंगळवारी कोतर, गुरुवारी खुर्ची. न सांगावं, तर तो जन्मभर ती सायकल दिवाणखान्यात उभी करून तिच्याकडे बघत बसणार. दुपारी मी रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले. सगळं खरं सांगितलं. ते ऐकून आधी माझ्यावर चिडले आणि मग म्हणाले, "आजी, ती झडप थकलेलीच होती. अंथरुणात पडून राहिल्या असत्या तरी हे होणारच होतं. सायकलला दोष देऊ नका. मी परवानगी दिली नसती, हे मात्र लिहून ठेवा." लिहून ठेवलं.

आज सकाळी फोन लावला. "मिलिंद, बसलायस का?" तो म्हणाला, बसलोय. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पार्ट, लुधियाना, मंगळवार, डॉक्टर, सगळं.

मग तो सुटला. "मावशी, तुम्हाला एक काम सांगितलं होतं! एक! तुमच्या घराखालून जात होती ती! खिडकी आहे ना तुम्हाला? सात महिने! तुम्ही मंगळवारी देवळात जायचात हे तिला माहीत होतं, म्हणजे तुम्हीच..." इंदू, थेट तुझा आवाज. शब्द संपले की 'म्हणजे'पासून पुन्हा सुरुवात करायची तुझी सवयसुद्धा. मी दहा मिनिटं सगळं ऐकून घेतलं. दोन आठवड्यांत कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. सगळे नुसते हात हातात घेऊन हळू आवाजात बोलत होते. फार बरं वाटलं.

दम लागल्यावर तो थांबला. मग अगदी हळू विचारलं, "पडली होती का कधी?"

"एकदा. जशुभाई म्हणाले, नवरात्रात. हँडल वाकलेलं होतं आणि गुडघा सुजलेला."

"थांबा. नवरात्रात?"

"हो."

"मला म्हणाली, बाथरूममध्ये घसरले."

"मलाही तेच म्हणाली. पंधरा दिवस मी तिचा गुडघा शेकत होते."

"मावशी," तो म्हणाला, "मी दिवाळीला येऊन बाथरूममध्ये तीन हँडल्स बसवली. स्टीलची. एक कमोडपाशी, एक नळापाशी, एक दारात. ड्रिल मशीन पुण्याहून घेऊन आलो होतो. अख्खा पाडवा माझा भिंतीला भोकं पाडण्यात गेला. आणि ती बाहेर स्टुलावर बसून सांगत होती, 'अजून जरा वर घे, राजा. हात नीट पोचायला हवा.'"

त्याच्या पुढे त्याला बोलता येईना. आधी मला वाटलं, रडतोय. मग कळलं, हसतोय. मग दोन्ही. त्याची बायको मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि त्याला सांगता येत नव्हतं. नुसतं "तीन, तीन" म्हणत होता.

तर त्याचं मी भागवलं. सायकल उद्या जाईल.

माझं मात्र तसंच आहे. चौदा वर्षं तू पडलीस की मी वरून शिव्या देत खाली यायचे आणि तुला हात द्यायचे. त्या मंगळवारी मी देवळात होते, आणि तू वाकलेल्या हँडलची सायकल घेऊन, सुजलेल्या गुडघ्याने, तो सगळा चढ चढून वर आलीस. तुला उठवलं कुणी, इंदू? जशुभाईंना माहीत नाही. मी दोनदा विचारलं.

तुझी,
सुधा